घंटेची तेक्ला

सांत किर्कच्या चॅपेलचं दार नीट बघितलंत तर त्यावर कुऱ्हाडीचे घाव दिसतील. पाहुणे मंडळी येतात, भिंती किती जाड, कमान किती सुबक, मागची गोल पाठ किती शतकांची, असलं काहीबाही बोलतात आणि दाराकडे ढुंकूनही बघत नाहीत. मला हसू येतं. त्या भिंती देवाच्या नावानं बांधल्या असतील, पण माझ्या हयातीत त्यांनी प्रार्थनेपेक्षा शिव्याच जास्त ऐकल्या. त्यातल्या निम्म्या तरी तेक्लाच्या तोंडच्या. मद्रोना, म्हणजे तेक्लाची मुलगी, या हिवाळ्यात गेली. ती होती तोवर मला गप्प बसणं भाग होतं. आता बोलतो.

चॅपेल उभं आहे खिंडीत. या अंगाला उतरलात की एस्तारेल, त्या अंगाला उतरलात की बेस्कारो. दोन्ही गावं मेंढरांवर जगणारी, दोन्हींचा संत एकच, आणि दोन्ही एकमेकांच्या जिवावर उठलेली. कारण काय, तर घंटा. समोरच्या भिंतीच्या माथ्यावर, कमानीत टांगलेली ती एकच घंटा. बार्बरा तिचं नाव. पश्चिमेच्या शिखराआडून काळा ढग डोकं काढू लागला की बार्बरा वाजवायची, मग ढग वळतो आणि गारा दुसरीकडे पडतात, हे आमच्या डोंगरात पोरंसोरंही जाणतात. पण दुसरीकडे म्हणजे कुठे? बेस्कारोत. दोर एस्तारेलच्या हातात आणि गारा बेस्कारोच्या डोक्यावर. बार्बरा वाजू लागली की तिकडच्या बायका एस्तारेलच्या सात पिढ्यांचा उद्धार करत शेतातून पळत सुटायच्या. आता अशानं भांडणं होणार नाहीत तर काय होईल?

जूनमध्ये संताच्या सणाला दोन्ही गावं चॅपेलपाशी जमायची. सकाळी मिरवणूक, दुपारी मेंढीच्या पोटात भात आणि काळीज भरून उकडलेली गिरेया आणि वर वाईन, आणि उन्हं कलली की गोफणी. एखाद्या वर्षी कुणाचं डोकं फुटलं नाही तर म्हातारे कुरकुरायचे, यंदा सण काही रंगला नाही म्हणून. एस्तारेलचा म्होरक्या एर्मेंगोल, त्याचा डावा डोळा अशाच एका सणाला गेला. आणि अशाच एका सणाला तेक्लाचा नवरा ब्लाय मेला. कानशिलावर दगड बसला आणि तो हातातली वाईनची पिशवी न सोडता बसल्या जागी आडवा झाला. ब्लाय पक्का दारूडा होता, बायकोला मारायचा, हे गावाला ठाऊक होतं. पण घंटेपायी मेला म्हणून गावानं त्याला हुतात्मा केलं आणि त्याच्या विधवेला चॅपेलची राखणदारीण.

तेक्ला राहायची चॅपेलला टेकून असलेल्या खोलीत. उंच, रुंद खांद्यांची बाई, आवाज असा की खालच्या कुरणातली कुत्री शेपूट घालायची. चार बकऱ्या, एक चिमुरडी मुलगी आणि बार्बराचा दोर, एवढाच तिचा संसार. सणाला ती सगळ्यांना वाईन ओतायची, पण स्वतः कधी थेंबाला शिवली नाही. ब्लायबरोबर नांदल्यावर तिला त्या वासानंच मळमळायचं. ती चीज काढल्यावर उरलेलं पाणी प्यायची.

मी खेचरवाला. खालून मीठ आणायचं आणि वर कुरणांत मेंढ्यांना चाटायला सपाट दगडांवर पसरायचं, हा माझा धंदा. माझं गाव खूप खाली, नदीकाठी. मेंढी काही गाव विचारून मीठ खात नाही, तेव्हा दोन्हीकडे मला कुणी हात लावत नसे. तेक्ला मला मिठ्या म्हणायची. माझं नाव पोन्स आहे हे तिला माहीत होतं की नाही, देव जाणे.

दारावरचे घाव पडले तेव्हा मद्रोना लग्नाच्या वयाची झाली होती. आदल्या उन्हाळ्यात बेस्कारोचा सगळा गहू गारांनी झोपवला होता. वसंतात एका सकाळी तिकडची माणसं कुऱ्हाडी, दोर आणि एक खेचर घेऊन वर आली. घंटाच काढून न्यायची, म्हणजे भांडण मिटलं. तेक्लानं दाराला आतून अडसर घातला.

"म्हातारे, दार उघड!" बाहेरून कुणीतरी ओरडलं. "आम्हाला घंटा हवी, तुझी हाडं नकोत."

"माझी हाडं तुझ्या बापालाही झेपली नसती," तेक्ला आतून म्हणाली. "फोड, फोड. लाकूड ओकचं आहे. घाम येऊ दे जरा."

चुलीवर चीजच्या पाण्याची भली मोठी कढई उकळत होती. मायलेकींनी ती शिडीवरून घंटेच्या कमानीपर्यंत चढवली. कशी चढवली, हे दोघींनाही नंतर सांगता आलं नाही. दाराची फळी तडकू लागली तशी तेक्लानं कढई खाली उपडी केली. त्या किंकाळ्या मी खालच्या वाटेवर असताना ऐकल्या. मला वाटलं डुकरं कापतायत. मी पोचलो तर माणसं उतारावरून गडगडत पळत होती, आणि एक जण दारातच पडून होता. मान आणि एक कान सोलवटून निघालेला. जेर्वासी नावाचा धनगर. त्याच्याच गाववाल्यांनी त्याला टाकून दिलं होतं.

मद्रोनानं त्याला काखेत धरून आत ओढलं आणि त्याच्या मानेला चरबी लावायला बसली. तेक्ला त्याचीच कुऱ्हाड उचलून डोक्यावर उभी.

"बाजूला हो. यांनी तुझ्या बापाला मारला. मी याला संपवते."

"संपव की," मद्रोना मान वर न करता म्हणाली. "पण आधी मला हे लावून होऊ दे. त्याला दुखतंय."

तेक्ला कुऱ्हाड धरून तशीच उभी राहिली. मग तिनं ती भिंतीला टेकवली आणि बकऱ्यांकडे गेली. मेंढ्यांची लोकर कापायच्या दिवसांत मद्रोना त्याच जेर्वासीबरोबर बेस्कारोत पळून गेली. एर्मेंगोल चॅपेलवर येऊन तेक्लाच्या उंबऱ्यावर थुंकला. "ब्लायची हाडं थडग्यात कूस बदलत असतील," तो म्हणाला. तेक्लानं त्याला झाडूनं हाणलं. पण दोर तिच्याकडेच राहिला, कारण ढग आला की तिच्याइतकं जोरात आणि न थकता वाजवणारं दुसरं कुणी नव्हतं.

मायलेकी त्यानंतर एकमेकींशी बोलल्या त्या माझ्या तोंडून. मी इकडून मीठ घेऊन जायचो आणि तिकडून शिव्या घेऊन यायचो.

"तिला सांग, त्या कानतुट्याबरोबर उपाशी मर म्हणावं," तेक्ला म्हणायची आणि माझ्या पोतडीत चीजचा गोळा कोंबायची. "हे माझ्याकडून म्हणून सांगू नकोस. वाटेत सापडलं म्हण."

"असं नरम चीज वाटेत सापडतं का कुठे?"

"तू बावळट आहेस हे तिला माहीत आहे. पटेल तिला."

बेस्कारोनं मद्रोनाला सुखानं राहू दिलं असतं तर बरं झालं असतं. पण तिकडच्यांच्या लेखी मारेकऱ्यांची, घंटेवाल्यांची पोर ती. कुरणं वाटायची वेळ आली तेव्हा जेर्वासीला खिंडीखालचं सगळ्यात वरचं कुरण दिलं. गारा तिथेच सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात पडतात. "तुझ्या आईच्या गारा तूच खा," असं तिला भर चौकात सुनावलं. मद्रोनाच्या कडेवर तेव्हा काही महिन्यांची पोर होती. मी हे तेक्लाला सांगितलं तेव्हा ती लोकर पिंजत होती. तिचे हात थांबले.

"तेच का, पाठच्या खडकापासून दिसतं ते?"

"तेच."

तेव्हापासून ती रोज चॅपेलच्या गोल पाठीमागे जाऊन उभी राहायची. तिथून खालच्या झोपडीचा धूर दिसायचा. मी म्हटलं, एवढंच आहे तर उतर की खाली, बकरीला अर्धी घटकाही लागत नाही. तर म्हणाली, "धूर दिसतो ना? पुरे."

त्या ऑगस्टमध्ये मी दुपारी खिंडीत पोचलो तेव्हा हवा अशी कोंडली होती की खेचरं पाय उचलेनात. तेक्ला पाठीमागेच उभी होती. पश्चिमेला ढग वर येत होता. पोटात हिरवट, कडेनं पांढरा. असला ढग ज्यानं एकदा बघितलाय त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. त्या उन्हाळ्यातला तो पहिलाच. खाली एस्तारेलचा गहू अजून उभा होता, आणि गावातली माणसं शेतात थांबून वर चॅपेलकडेच बघत असणार, हे मला न बघताही कळत होतं.

तेक्ला आत गेली. मीही गेलो. तिनं दाराला अडसर घातला, घंटेचा दोर मनगटाला दोन वेढे देऊन धरला आणि खाली जमिनीवर बसली.

"वाजव," मी म्हटलं.

"नाही."

"अगं, गडगडतंय! वाजव!"

"वाजवली तर कुठे जाईल?" ती म्हणाली. आवाज अगदी हळू. तेक्लाचा आवाज हळू मी पहिल्यांदाच ऐकला आणि मला भीती वाटली. "सांग ना मिठ्या, कुठे जाईल? सरळ त्या झोपडीवर. तिच्या छपराला नुसतं गवत आहे. इकडे एस्तारेलात पक्की घरं आहेत, गोठे आहेत. गहू काय, पुढच्या वर्षी उगवेल."

"गाव तुला जिवंत ठेवणार नाही."

"नको ठेवू दे."

मी दोराला हात घातला. का घातला, विचारू नका. लहानपणापासून तो आवाज ऐकत आलोय, ढग दिसला की हात आपोआप जातो. ती उठली, दुसऱ्या हातानं दाराचा अडसर उपसला आणि माझ्या तोंडावर मारला. पुढचा दात घशात गेला. मी पुन्हा उठलो, तिनं पुन्हा मारलं, या वेळी गुडघ्यावर. मग आम्ही दोघं जमिनीवर, ती दोर सोडत नव्हती, आणि मी रक्त थुंकत तिच्या मनगटाला चावत होतो. वर भिंतीवर ते जुनं चित्र आहे, त्यात सांत किर्क अजून लहान पोर, आईच्या मांडीवर, आणि दोन माणसं त्या मायलेकरांना करवतीनं कापतायत. रंग उडालाय पण करवत स्पष्ट दिसते. तेक्ला तिकडेच बघत होती.

आणि गारा आल्या.

पहिल्या काही छपराच्या दगडी फरशांवर टणटण वाजल्या. मग वेगळा आवाज उरलाच नाही. गारा अक्रोडाएवढ्या, मग कोंबडीच्या अंड्याएवढ्या, मग त्याहून मोठ्या, टोकं असलेल्या. बाहेर माझी खेचरं बांधलेली होती. त्यातलं एक दोर तोडून पळालं, दुसरं जागीच मेलं. त्याच्या कवटीचं हाड फुटलेलं मी नंतर बघितलं. खिडकीतून आत आलेल्या गारा फरशीवर फुटत होत्या. वाऱ्यानं बार्बरासुद्धा हलली आणि आपली आपण कण्हली, तेव्हा तेक्लानं दोर घट्ट खाली ओढून धरला, तेवढीही वाजू नये म्हणून.

थांबलं तेव्हा डोंगर पांढरा होता. घोटाभर गारा आणि त्यातून वाफ निघत होती. एस्तारेलच्या कुरणात मेंढ्या आडव्या पडल्या होत्या, काही अजून पाय झाडत होत्या. गव्हाच्या जागी चिखल होता.

गावची माणसं यायला वेळ लागला नाही. तेक्लानं स्वतःच दार उघडलं. एर्मेंगोल पुढे होता, डोक्यावर जखम, हातात मेंढ्या वळायची काठी.

"का नाही वाजवलीस?"

त्यानं काठी तिच्या तोंडावर घातली. ती पडली तशी बाकीच्यांनी तिला केसांना धरून बाहेर गारांवर ओढलं. काठ्या, लाथा. ज्या बायकांना तिनं बाळंतपणात चीज आणि सूप पोचवलं होतं त्यांनीही दगड मारले. मी मधे पडलो तर मलाही पडल्या. "मिठ्याला विचारा! हा आत होता!" कुणीतरी ओरडलं. माझ्या तोंडातून रक्त वाहत होतं. मी बोललो नाही.

एर्मेंगोलनं आतून बार्बराचा दोर बाहेर ओढला आणि त्याचा फास तेक्लाच्या गळ्यात अडकवला. "माझ्या भावाचा सगळा कळप गेला. तूच लटक आता या दोराला. तुझ्याच वजनानं वाजू दे."

तेक्ला त्याच्या एका डोळ्याकडे बघत राहिली. तिला बोलायचंच नव्हतं. मला वाटतं ती मनातून शांत होती. झोपडी वाचली, हा हिशेब तिनं मनाशी केव्हाच केला होता.

तेवढ्यात पलीकडच्या बाजूनं मद्रोना खिंडीत चढून आली. अनवाणी, गारांवरून. केस रक्तानं चिकटलेले, एक हात लोंबत होता. दुसऱ्या हातानं पोर पोटाशी धरलेली. पोर जोरजोरात रडत होती, म्हणजे जिवंत होती. माणसांनी तिला वाट दिली. मला वाटतं तिला तिथे कोण आहे, आईच्या गळ्यात काय आहे, हे काहीच दिसत नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "घंटा का नाही वाजवलीस?"

तेक्लाचं तोंड उघडं राहिलं.

"बार्बरा वाजली की आम्ही मेंढ्या सोडून खडकाच्या कपारीत शिरतो. सगळं बेस्कारो तसंच करतं. तुला शिव्या घालतात आणि पळतात. आज घंटाच नाही. जेर्वासी म्हणाला, तुझी आई वाजवत नाही म्हणजे साधा पाऊस आहे, मी मेंढ्या वळवून येतो." तिनं श्वास घेतला. "झोपडीचं छप्पर गेलं. मी पोरीवर पालथी पडले. तो कुरणात पडलाय. त्याला डोकंच नाही उरलं आई. का नाही वाजवलीस?"

तेक्लानं माझ्याकडे बघितलं. मी सांगणार होतो, खरंच सांगणार होतो. तिनं मान हलवली, अगदी थोडी, फास असल्यामुळे तेवढीच हलली.

"प्यायले होते," ती म्हणाली. "झोप लागली."

एर्मेंगोल आधी बघतच राहिला. मग भेसूर हसला. "ब्लायची बायको! दुसरं काय होणार!" त्यानं फास सोडला. गद्दाराला टांगतात, दारूड्या म्हातारीला कुणी टांगत नाही. तिला लाथ मारून हाकलतात. पण जीव वाचवायला ती खोटं बोलली असं वाटत असेल तर तुम्हाला तेक्ला कळलीच नाही. मद्रोनाला जर कळलं असतं की आईनं तिच्यासाठी दोर धरून ठेवला आणि त्यानंच तिचा नवरा गेला, तर त्या पोरीनं तो दिवस कुठे ठेवला असता?

मद्रोनानं पोर माझ्या हातात दिली आणि चांगल्या हाताच्या मुठीनं आईला मारू लागली. तोंडावर, छातीवर, आधीच फुटलेल्या ओठांवर. तेक्ला हात खाली सोडून उभी राहिली. एकदासुद्धा तिनं तोंड फिरवलं नाही. एस्तारेलची माणसं, जी आत्ता तिला फाशी देणार होती, त्यांनाही ते बघवेना. शेवटी एर्मेंगोलनंच मद्रोनाला धरून बाजूला केलं.

तेक्लाला चॅपेलवरून काढलं. खाली एका पडक्या गोठ्यात ती राहू लागली, लोकांच्या बकऱ्या वळायची, एका पायानं लंगडायची. दोर एर्मेंगोलच्या पुतण्याकडे गेला. तो वाजवतो, गारा कधी पडतात, कधी नाही पडत. त्यावर माझं मत विचारू नका.

पुढच्या जूनमध्ये सण झाला. मद्रोना आली, काळ्या कपड्यांत, पोरीला घेऊन. गिरेया वाटताना एक बाई मोठ्यानं म्हणाली, "पण मला एक कळत नाही. तेक्ला तर वाईनला कधी शिवायची नाही. त्याच दिवशी कशी प्यायली?" मद्रोनानं मान वर केली. तिच्या कपाळावर आठी पडली, काहीतरी जुळवत असल्यासारखी.

तेक्ला बकऱ्या घेऊन लांब उभी होती, पण तिनं ते ऐकलं. ती लंगडत आली, माझ्या खांद्यावरची वाईनची पिशवी हिसकली आणि तोंड वर करून सगळ्यांसमोर प्यायला लागली. वाईन गळ्यावरून पोलक्यात ओघळत होती. लोक हसले. मद्रोनानं तोंड वळवलं आणि थुंकली. नंतर चॅपेलच्या गोल पाठीमागे मी तेक्लाला ओकताना बघितलं. डोकं भिंतीला टेकवून, हिरवं पडेपर्यंत.

त्यानंतर दर सणाला तेच. दर रविवारी एस्तारेलच्या चौकातही, कारण बातम्या खिंड ओलांडून जातात. लोक तिला ब्लायीण म्हणू लागले. तिच्या हाताला कंप सुटला, पोट सुजलं. वास आला की तिचा चेहरा अजूनही कसनुसा व्हायचा, आणि तरी ती गिळायची.

तिच्या शेवटच्या सणाला ती चॅपेलच्या पायरीवर बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता, तिला लांबचं दिसत नव्हतं. समोरून मद्रोना चालली होती, बरोबर तिची उंच झालेली मुलगी, आजीसारखे रुंद खांदे. गोफणी अजून सुटल्या नव्हत्या. मी पिशवीचं तोंड दाबून धरलं.

"पुरे आता," मी म्हटलं. "मरशील."

"मिठ्या, ती बघतेय का?"

मद्रोना थांबली होती. बघत होती.

"बघतेय," मी म्हटलं.

"मग ओत."

मी ओतली.